मधली दोन पानं

धुळ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी ग्रंथपाल अक्का बसायच्या. त्यांनी मला सांभाळून घेतलं आणि वाचती ठेवलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडचिड करणार आहे आणि त्या भरात त्यांचं राहून जायला नको.

माझं शिक्षण आठवी. नववी पुढच्या गावात होती. तिकडे जाणारी एसटी एका वर्षी बंद झाली ती झालीच. आमचं गाव साक्रीकडचं. लग्न होऊन मी नशिराबादला आले. माहेरी जायचं तर आधी जळगाव, मग धुळे, मग साक्री आणि पुढे मिळेल ते. सकाळी निघालं की दिवस मावळायला पोचायचं. नवरा रावेरहून केळीचा ट्रक दिल्लीकडे नेतो. एक फेरी म्हणजे आठ-दहा दिवस तो नसतोच. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्यांची बोली निराळी. माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की एकमेकींकडे बघून हसायच्या. मनात काही नसेल त्यांच्या, पण मी बोलणंच कमी केलं.

मग जळगावात एका बाइंडिंगच्या दुकानात काम मिळालं. दुकान आबांचं. डाळमिलची पावतीपुस्तकं, शाळांची हजेरीपत्रकं, असला माल जास्त. पण वर्षातून काही वेळा वाचनालयांची फाटकी पुस्तकं पोत्यात भरून यायची. धुळ्याचा बाइंडर म्हातारपणामुळे थांबला होता, म्हणून तिथली पुस्तकंही एसटीच्या पार्सलने आमच्याकडे यायला लागली.

आता कामाचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय माझा वैताग समजायचा नाही. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे बारा-पंधरा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. जुनं पुस्तक आलं की ते उसवायचं, फर्मे सुटे करायचे, फाटक्या घड्यांना कागदाची पट्टी लावायची आणि पुन्हा शिवायचं. मग खळ, पुठ्ठा, कापडी पाठ. शिवायचं काम माझ्याकडे. सुई घालायची ती घडीच्या बरोबर मध्ये. म्हणजे शिवणारीच्या समोर प्रत्येक फर्म्याची फक्त मधली दोन पानं उघडी असतात. आठ आणि नऊ. पुढचा फर्मा घेतला की चोवीस आणि पंचवीस. मग चाळीस, एक्केचाळीस. मधली चौदा पानं घडीत बंद.

माझं वाचन असं सुरू झालं. सोळातली दोन पानं.

त्यात पुस्तकांना तोंड नसायचं. वरचं कव्हर गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, नाव नाही, लेखक नाही. तोवर मला दोनच प्रकारची पुस्तकं माहीत होती, एक शाळेची आणि एक देवाजवळ ठेवायची. त्यामुळे समोर आलं ते काय आहे हे मला कळायचंच नाही. एका पुस्तकात एका राणीने आपली सावली नदीला देऊन टाकली होती. मला वाटलं व्रताची कहाणी असणार. शेवटच्या फर्म्यापर्यंत मी तिच्या उद्यापनाची वाट बघितली. उद्यापन काही आलं नाही. शेवटच्या मधल्या पानावर ती एका बोलणाऱ्या सुतारपक्ष्याशी भांडत होती.

दुसऱ्या एका पुस्तकात माणसं जमिनीखाली घरं करून राहत होती, कारण वर ऊन सोसवत नव्हतं. घामाचंच पाणी यंत्रात गाळून ती पुन्हा पीत होती. आमच्याकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला यात खोटं काय वाटणार? मी नवऱ्याला फोनवर सांगितलं की असं ठरलंय, छापून आलंय. त्याने ढाब्यावर चार ड्रायव्हरांना सांगितलं. त्यांनी त्याला विचारलं, मग खाली ट्रक कसे नेणार? सगळ्यांसमोर हसं झालं म्हणून परत आल्यावर तो माझ्यावरच डाफरला, "हाई काय शे? मन्ही बठ्ठासमोर फजिती करी टाकी तू!"

मला काय माहीत. मी चाळीस-एक्केचाळीस वाचलं होतं, सुरुवात नाही.

हसू येतं आता, पण तेव्हा जीव जायचा. एक गडी कमरेला दोर बांधून किल्ल्याच्या भिंतीवरून खाली उतरतोय, आणि पुढची दोन पानं उघडावीत तर त्याचं लग्न लागतंय. कोणाशी? दोराचं काय झालं? सगळं माझ्या बोटांखालीच असायचं, त्या चौदा पानांत, आणि बोट घालून घडी उघडायची सोय नाही. आबा समोरच खळ ढवळत बसलेले. त्यांचा एकच नियम होता.

"बाई, इथं पुस्तक बांधायचं. वाचायचं असेल तर वाचनालयात जा."

हा नियम उगीच नव्हता. माझ्या आधी कामावर होती तिने एका शाळेच्या रजिस्टरात दुसऱ्या शाळेची पानं शिवली होती. आबांनी तिला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. ही गोष्ट मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली, आणि नंतरही अधूनमधून सांगत राहिले. हे काम गेलं असतं तर नशिराबादच्या त्या खोलीत मी, पंखा आणि नवऱ्याचा फोन. मला दुसरं काम मिळालंही असतं कदाचित, केळी पॅकिंगचं. पण तिथे पुस्तकं नसतात.

इतकं कळत असूनही मी जे केलं ते केलं.

धुळ्याच्या गठ्ठ्यात दोन पुस्तकं होती. एक त्या किल्ल्याचं. दुसऱ्यात एका डॉक्टरचा खून झाला होता. खोलीला आतून कडी, खिडकीला गज, टेबलावरचा चहा अजून गरम. मी डॉक्टरच्या मेव्हण्याला खुनी धरला होता. प्रत्येक मधल्या पानावर तो नुसता रुमालाने मान पुसत असायचा. अकराव्या फर्म्याच्या शेवटी, एकशे शहात्तरव्या पानावर, फौजदार सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. हे पान मला दिसलं कारण तिथली घडी फाटली होती आणि पट्टी लावायची होती. पुढचं पान बाराव्या फर्म्यात. त्याच्या पाठीला काही झालेलं नव्हतं, पट्टीची गरज नव्हती. म्हणजे उघडायला निमित्त नाही.

दुपारी आबा जेवायला घरी गेले. मी तो बारावा फर्मा बाहेर काढला. हात लागलाच होता, तर किल्ल्याचाही बारावा काढला, कारण तिथे वेढा पडलेला होता आणि आत पाणी संपत आलं होतं. डब्यातली भाकरी एका हातात आणि दोन गोष्टी मांडीवर. एकीतलं एक पान, मग दुसरीतलं एक. अधाशासारखं झालं माझं. खुनी कळायला एक पान उरलं असेल आणि आबांची स्कूटर वाजली.

मी दोन्ही फर्मे झटकन जागच्या जागी ठेवले. म्हणजे मला तसं वाटलं. दोघांचा आकार एक, कागद सारखाच पिवळा, अक्षरही तसंच, आणि खाली दोघांवर आकडा बारा. शिवून झाल्यावर आबा नेहमी पानांचे आकडे तपासतात. एकशे शहात्तरनंतर एकशे सत्त्याहत्तर, दोन्ही पुस्तकांत, एकदम बरोबर. "झकास," म्हणाले. तिन्ही बाजूंनी कटिंग झालं, पुठ्ठा चढला, पार्सल गेलं.

महिना-दीड महिन्याने आबांच्या मोबाइलवर फोन आला. त्यांचे हात खळीने भरलेले, म्हणून त्यांनी मला तो स्पीकरवर लावायला सांगितला. पलीकडे एका बाईचा शांत आवाज. या अक्का, हे मला तेव्हा कळलं.

"आबा, तुमच्या शिलाईला तोड नाही. पण दोन पुस्तकं परत पाठवतेय. पुठ्ठा जरा फुगलाय."

"फुगला? मोरचूद घालून खळ केलीय मी, अक्का! फुगेल कसा?"

"दमट हवेनं असेल."

"धुळ्याला? दमट?"

"यंदा आहे बाई," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पार्सल आलं. आबांनी दोन्ही पुठ्ठे दाबून बघितले, वास घेतला, पुटपुटले आणि ती पुस्तकं माझ्यापुढे टाकली. "उसव आणि पुन्हा कर. म्हणे फुगलाय."

मी उसवायला घेतलं. खुनाच्या पुस्तकात बाराव्या फर्म्याच्या मधोमध, एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे पंच्याऐंशीच्या मध्ये, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती. दुकानात तिथे शिवणारीशिवाय कोणाचा हात पोचत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"दोन्ही पुस्तकांतले बारावे फर्मे इकडचे तिकडे झाले आहेत. पुठ्ठ्याला काही झालेलं नाही. घाईत फर्मे खालीवर होतात, पण दोन पुस्तकांतले नेमके बारावे फर्मे बाहेर काढले कोणी? ज्याला पुढे काय झालं ते बघायचं होतं, त्यानेच. तिथे वाचतंय कोण?"

आबा दोन हातांवर बसलेले. मी चिठ्ठी ब्लाउजमध्ये खुपसली आणि त्या दिवशी सुई तीनदा बोटात घुसवून घेतली. दोन दिवस जेवण गेलं नाही. आईचा फोन आला, "जेवनी का, बेटा?" तर हो म्हणून खोटं बोलले. एक बाई माझी चूक ओळखते, माझ्यासाठी आबांशी खोटं बोलते आणि वर विचारते की कोण वाचतंय. यात सापळा तर नाही? मी कोणाला ओळखत नव्हते. मला तर मेव्हण्यावरच संशय घ्यायची सवय.

शेवटी उत्तर लिहिलं. "मी वाचते. आठवी पास. माफ करा. परत असं करणार नाही." फर्मे जागेवर लावले, शिवले, चिठ्ठी त्याच दोन पानांमध्ये ठेवली.

पुढच्या गठ्ठ्यात एक कोरं करकरीत पुस्तक होतं, वर चिकटवलेलं, 'बांधायला नाही.' आबांना अक्कांनी फोनवर सांगितलं होतं की ते शिलाईचा नमुना म्हणून पाठवलंय, तुमच्या बाईंना बघू द्या, गठ्ठ्याबरोबर परत करा. नमुना! आबा जरा दुखावलेच. त्याच्या बाराव्या फर्म्यात चिठ्ठी होती.

"परत काय करणार नाही? वाचणार नाही की चुकणार नाही? वाचणार नाही असं असेल तर मला चालणार नाही."

त्याच चिठ्ठीवर खाली त्यांनी मला चार गोष्टी समजावून दिल्या होत्या. खुनाच्या पुस्तकाला रहस्यकथा म्हणतात. किल्ल्याची ती ऐतिहासिक कादंबरी, त्यातला राजा खरा पण दोरवाला गडी लेखकाच्या मनातला. जमिनीखालच्या घरांची ती विज्ञानकथा, ती अजून घडलेली नाही, घाबरू नका. आणि राणीची सावली ही अद्भुतकथा, तिथे उद्यापन नसतं. माझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी त्यांना उद्यापनाचं आणि त्या जमिनीखालच्या घरांचंही कळवलं होतं. कुठेतरी सांगायलाच हवं होतं मला ते.

पण सोपं काही नव्हतं. गठ्ठा यायचा दोन-तीन महिन्यांनी. आठ दिवसांत बांधून परत. माझं वाचन सावकाश, जोडाक्षराला अडखळत. नशिराबादच्या रिक्षात तीन पानं, रविवारी दुपारी वीस. किती वेळा पुस्तक संपायच्या आत पार्सल बांधायची वेळ यायची, आणि मी स्वतःच्या हाताने त्यावर सुतळी आवळायची. रहस्यकथेला सुतळी आवळणं काय असतं ते माझं मला ठाऊक. किल्ल्याच्या कादंबरीचा दुसरा भाग एक सभासद नाशिकला जाताना घेऊन गेला तो गेलाच. आणि डॉक्टरचं ते पुस्तक अक्कांनी पुन्हा पाठवलं, पहिल्या पानापासून, सगळं वाचलं, तर खुनी निघाला कंपाउंडर! मेव्हण्याला नुसता घाम येत होता, बिचाऱ्याला. पुरावा सगळा त्या चौदा-चौदा पानांत होता. इतके दिवस मी एका निर्दोष माणसाला धरून बसले होते. मला लेखकाचा राग आला, मग माझा, मग नववीला न गेलेल्या त्या एसटीचा.

नवरा फेरीवरून आला की पुस्तक उलटंपालटं करून बघायचा. "आते बठ्ठं पाठ करशी का?" आणि मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "मंग? कोनी मारं?"

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघाले तेव्हा धुळ्याला उतरायचं ठरवलं. आधी कळवलं होतं. पिशवीत आबांच्याकडची पुस्तकं नव्हती, नुसती रावेरची केळी होती, आणि स्टँडपासून वाचनालयापर्यंत मी चार वेळा परत फिरायचा विचार केला. अक्का आवाजापेक्षा अंगाने लहान निघाल्या. चष्मा दोरीला, टेबलावर खोडरबर. मला बघून उठल्या.

"आलीस? किती पानं उरलीत?"

एवढंच विचारलं, आणि मी केळ्यांची पिशवी टेबलावर ठेवली.

त्यांना मला सभासद करायचं होतं. कारकुनाने फॉर्म बघितला. पत्ता धुळ्याचाच लागतो. आणि शिफारशीला दोन सभासद. माझं माहेर साक्री तालुक्यात, सासर जळगाव जिल्ह्यात, धुळे नुसतं वाटेवरचं. "नियम आहे," कारकून म्हणाला. अक्का त्यावरून भांडायला आत समितीच्या खोलीकडे गेल्या. मी टेबलाशी उभी. टेबलावर तक्रारवही होती. तिची पाठ सुटली होती, म्हणून माझा हात आपोआप तिकडे गेला. सवय आहे. आणि ती उघडली गेली.

एक नाना, निवृत्त शिक्षक, यांनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "वेढ्याच्या ऐन धामधुमीत फौजदार व कंपाउंडर किल्ल्यात कसे शिरले, याचा खुलासा व्हावा." मला हसू फुटलं, अगदी मोठ्याने, कारकून बघायला लागला. मग खालची ओळ वाचली. अक्कांचं पेन्सिलचं अक्षर, पण या वेळी शाईत. "बांधून आलेली पुस्तके तपासताना माझ्याकडून चूक झाली. बाइंडरचा दोष नाही." आणि त्याखाली समितीचा शिक्का आणि लाल शाई. यापुढे बांधणीची पुस्तके समिती सदस्याने तपासून घ्यावीत, ग्रंथपालावर सोपवू नयेत.

आयुष्य तिथे काढलेल्या बाईला हे. माझ्या अधाशीपणासाठी.

अक्का परत आल्या. नाही जमलं, हे चेहऱ्यावरच होतं. वही उघडी बघून त्यांनी ती मिटली.

"अक्का, हे माझं..."

"नाव लिहिलं असतं तर आबांनी तुला ठेवलं असतं का?"

"नाही."

"मग झालं तर. तुझं काम गेलं असतं. माझं नुसतं नाक गेलं. या वयात नाकाचा उपयोग फक्त चष्म्यासाठी." केळ्यांची पिशवी त्यांनी टेबलाखाली सरकवली. "आणि नानांना मी सांगितलंय की किल्ल्यात कंपाउंडरची गरज होतीच, जखमी किती होते!"

मी एसटीत बसेपर्यंत त्या स्टँडवर उभ्या होत्या. आखाजीला माहेरी झोक्यावर बसले तरी डोळ्यांपुढे लाल शाई. आई म्हणाली, "काय व्हयनं तुले?" काय सांगणार. गोष्ट मोठी आहे, आणि मधली पानं तिला दाखवलेली नाहीत.

अक्का यंदा निवृत्त झाल्या. आता गठ्ठ्याबरोबर समितीचे एक भाऊ यादी पाठवतात, टिकमार्क करून. बाराव्या फर्म्यात काही नसतं. मी तरी उघडून बघते. राणीच्या सावलीचं पुस्तक फार जीर्ण झालं म्हणून त्यांनी रद्द करून टाकलं. अजून मला तिची फक्त मधली पानं माहीत आहेत, आणि ती कोणाला सांगावी तर ऐकणारा विचारतो, सुरुवात काय?

आबांना यातलं काही ठाऊक नाही. ते हे वाचणारही नाहीत. ते बांधतात. पण तक्रारवहीत नाव लिहिलं तर ते समितीचे भाऊ वाचतील, आणि त्यांनी आबांना एक फोन केला की माझं काम गेलं, म्हणून आज मी गप्प आहे. याची मला लाज वाटते.

अक्का, ती तक्रारवही पाठीतून सुटली आहे. कोणाचंच लक्ष नाही तिच्याकडे. ज्या दिवशी आबांसमोर उभं राहून बोलायची हिंमत येईल, त्या दिवशी त्यांना सगळं सांगेन. मग धुळ्याला येईन, सुई-दोरा घेऊन. आधी त्या लाल शाईखाली माझ्या नावानिशी लिहीन, चूक माझी होती, अक्कांची नाही. मग ती वही तिथेच टेबलाशी बसून अशी शिवीन की ते पान कधी गळून पडणार नाही.